माझ्या आईनं हरिभाऊ तेलुगूत वाचले

प्रति,
मराठवाडा साहित्य परिषदेचे पदाधिकारी,
तसेच छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड इथल्या विद्यापीठांच्या मराठी विभागांतील प्राध्यापक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी नांदेड जिल्ह्यातल्या, तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरचा. इथल्या न्यायालयात वकिली करत तीस वर्षं होऊन गेली. साहित्याचा अभ्यासक म्हणवून घेण्याइतकं माझं वाचन नाही. पण एक मागणी माझ्या मनात बरीच वर्षं आहे आणि ती आपल्याकडेच करता येते, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

२१ जून १९९१ ला दूरदर्शनवर पंतप्रधानांचा शपथविधी दाखवत होते. आई समोर ज्वारी निवडत बसली होती. पी. व्ही. नरसिंह राव पडद्यावर आले तसे तिचे हात थांबले. ती म्हणाली, "ह्यांचं पुस्तक आहे की आपल्या घरी." मला वाटलं तिची काहीतरी गल्लत होते आहे. ती उठली, आतल्या खोलीतली लोखंडी पेटी उघडली आणि साडीच्या घडीखालून एक तेलुगू पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. 'अबला जीवितम्'. मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नव्हतं. तिनंच पहिलं पान वाचून दाखवलं. मूळ लेखक हरि नारायण आपटे, भाषांतर पी. व्ही. नरसिंह राव. मूळ पुस्तक 'पण लक्षांत कोण घेतो?'

ती कादंबरी मी नांदेडला बी.ए.ला असताना परीक्षेपुरती वाचली होती. माझ्या आईनं ती माझ्या कितीतरी आधी, माझ्यापेक्षा जास्त जीव लावून वाचली होती, आणि हे मला पंचविशी उलटल्यावर कळलं.

आईचं माहेर बिचकुंदा. १९५६ पर्यंत बिचकुंदा आणि जुक्कल हा भाग आमच्या देगलूर तालुक्यात होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, तेलंगण आंध्राकडे, आणि बिचकुंदा निजामाबाद जिल्ह्यात. आई तेव्हा दहा वर्षांची होती. घरात अर्धं मराठी, अर्धं तेलुगू, शाळा मात्र तेलुगू. लग्न होऊन देगलूरला आली तेव्हा ती मराठी माझ्या आजीइतकंच सफाईनं बोलायची, पण मराठी अक्षरं तिला कधीच नीट लागली नाहीत. तिची पत्रं तेलुगूत जायची आणि तेलुगूतच यायची. ते पुस्तक माझ्या मामानं निजामाबादहून आणून दिलं होतं.

त्या दिवशी मी तिला विचारलं, कादंबरीतल्या यमूची गोष्ट कशी वाटली? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नवरा तिला वाचायला शिकवतो ना, तिथपर्यंत मी तीनदा वाचलं. पुढचं एकदाच." पुढे काय आहे ते आपल्याला सांगायला नको. नवरा जातो आणि घरातली माणसं तिचं केशवपन करतात. आईच्या आजोळी एक आत्याबाई तशा होत्या. लाल अलवण नेसून त्या मागच्या पडवीत बसायच्या, एवढंच आईनं सांगितलं. त्यांचं नाव तिच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा निघालं.

मराठी बाईचं दुःख माझ्या मराठी बोलणाऱ्या आईपर्यंत पोचलं ते एका तेलुगू माणसाच्या हातून. त्या माणसाला आपण पंतप्रधान म्हणून ओळखतो, फार झालं तर १९८४ आणि १९८९ साली रामटेकहून निवडून गेलेले खासदार म्हणून. मराठवाड्याचा त्यांच्याशी असलेला संबंध ह्या दोन्हींपेक्षा जुना आहे.

२८ जून १९२१ चा त्यांचा जन्म. गाव वरंगळकडचं लक्नेपल्ली, वाढले दत्तक घरी वंगारा इथे. निजामाच्या राज्यात प्रजा कुणाची तेलुगू, कुणाची मराठी, कुणाची कानडी, पण वरची शाळा आणि कोर्टकचेरी उर्दूत. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या औरंगाबादला इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी 'वंदे मातरम्' म्हणायचा हट्ट धरला. बंदी आली, मुलांनी संप केला आणि ते लोण उस्मानिया विद्यापीठात आणि संस्थानभरातल्या कॉलेजांत पोचलं. ह्या पोरांच्या मागे गोविंदभाई श्रॉफ उभे होते. ठिकठिकाणी मुलांची नावं काढून टाकली गेली. वरंगळकडे नाव कटलेल्यांत सतरा वर्षांचे नरसिंह राव होते.

म्हणजे औरंगाबादच्या वसतिगृहात जे गाणं सुरू झालं, त्याची किंमत वरंगळच्या एका मुलानं मोजली. शाळेत मी निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाचा धडा शिकलो, तो तालुक्याच्या वेशीवर थांबत होता. माझ्या आईच्या माहेरचं कुणी त्यात नव्हतं.

ह्या बहिष्कृत मुलांना नागपूर विद्यापीठानं दार उघडलं. कुलगुरू होते टी. जे. केदार. नरसिंह राव नागपूरला आले, तिथून पुण्याला फर्ग्युसनमध्ये विज्ञान शिकले आणि पुन्हा नागपूरला येऊन कायद्याची पदवी घेतली. निजामानं हाकललं नसतं तर हा मुलगा मराठी मुलखात आला असता का, असा विचार कधी कधी मनात येतो. यमूची भाषा त्यांनी ह्याच वर्षांत कानांत साठवली असणार. कादंबरीतलं पुणं त्यांनी पायी फिरून पाहिलं.

पुढचा टप्पा मला वकील म्हणून जवळचा वाटतो. पदवी घेऊन ते हैदराबादला बुर्गुल रामकृष्ण राव यांच्या हाताखाली ज्युनियर म्हणून लागले. बुर्गुल स्वतः फर्ग्युसनचे विद्यार्थी, बहुभाषी विद्वान, आणि १९५२ साली निवडून आलेल्या हैदराबादच्या सरकारचे मुख्यमंत्री. अशा सीनियरच्या चेंबरमध्ये जागा मिळणं म्हणजे काय, हे ज्यानं ज्युनियर म्हणून दुसऱ्याच्या तारखा सांभाळल्या आहेत त्यालाच कळेल. ती जागा सोडून ते चांद्याला गेले. आज आपण ज्याला चंद्रपूर म्हणतो, तिथल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सरहद्द कॅम्पवर.

१९४७–४८ मध्ये संस्थानाच्या सरहद्दीला लागून निजामाविरुद्धच्या लढ्याचे असे कॅम्प होते. आमच्या बाजूला उमरखेड. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक ह्याच मंडळींनी लुटली आणि त्या लाखो रुपयांचा हिशोब चोख ठेवून नेत्यांच्या स्वाधीन केला. ही गोष्ट आमच्या जिल्ह्यात पोराटोरांना पाठ आहे. चांद्याचा कॅम्प हा त्याच साखळीतला एक. उमरखेड आपलं आणि चांदा त्यांचं, असं तेव्हा कुणाच्या मनात नव्हतं. रझाकारांच्या अत्याचारांच्या निषेधार्थ संस्थानातल्या वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार घातला होता. घर चालायचं ते ज्या कोर्टावर, त्याच कोर्टाची पायरी चढायची नाही. आमच्या बार रूममध्ये जुन्या वकिलांचे फोटो आहेत. त्यांच्याकडे पाहिलं की मला हाच विचार येतो, त्या महिन्यांत ह्यांच्या घरी चूल कशी पेटली असेल.

आणि ह्या सगळ्यांचे नेते एकच होते, स्वामी रामानंद तीर्थ. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरीत शिकवणारा हा संन्यासी मराठवाड्याचा म्हणून आपण त्यांच्या नावानं विद्यापीठ काढलं. नरसिंह राव त्यांना गुरू मानत, आणि हैदराबादच्या त्यांच्या स्मारक समितीचं कामही त्यांनी पाहिलं. स्वामीजींचे दुसरे शिष्य शंकरराव चव्हाण, तेही कायदा शिकलेले. १९९१ ते १९९६ ह्या पाच वर्षांत देशाचा पंतप्रधान आणि देशाचा गृहमंत्री, दोघंही स्वामीजींच्या तालमीतले होते. शंकररावांवर नांदेडात बोलणारे शंभर जण भेटतील. त्यांच्या गुरुबंधूचं नाव काढलं की सभा एकदम दिल्लीच्या राजकारणावर जाते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्यांच्या राजकारणाचा निवाडा मी मागत नाही आणि त्यांची आरतीही ओवाळत नाही. १९९१ च्या आर्थिक धोरणांवर आजही मतभेद आहेत. १९८४ साली दिल्लीत शिखांची कत्तल झाली तेव्हा ते गृहमंत्री होते, आणि ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत मशीद पडली तेव्हा पंतप्रधान. हे प्रश्न त्यांना जिवंतपणी विचारले गेले आणि पुढेही विचारले गेले पाहिजेत. आमच्या देगलूरमध्ये डिसेंबरातले ते दिवस कसे गेले हे मी पाहिलं आहे, आणि तेव्हा मनात आलेला राग अजून पुरता गेलेला नाही. २०२४ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं म्हणून तो गेला, असंही झालं नाही. पण ज्या माणसाचा राग येतो त्याचं पुस्तक आईच्या पेटीत साडीखाली जपलेलं असतं. दोन्ही गोष्टी माझ्या घरात एकत्र नांदल्या.

मला आपल्यापुढे ठेवायचे आहेत ते लेखक नरसिंह राव. १९४८ साली भारतीय फौजेनं हैदराबाद घेतलं, त्या पोलीस कारवाईनंतर त्यांनी भाऊबंद सदाशिव राव ह्यांच्यासोबत वरंगळहून 'काकतीय पत्रिका' हे तेलुगू साप्ताहिक चालवलं. त्यात ते टोपणनावानं लिहीत. विश्वनाथ सत्यनारायण यांची 'वेयिपडगलु' ही अवाढव्य तेलुगू कादंबरी त्यांनी 'सहस्रफण' नावानं हिंदीत नेली. मंत्रिपदाच्या फायलींमधून वेळ काढून एवढा ग्रंथ दुसऱ्या भाषेत उतरवायचा म्हणजे किती रात्री लागल्या असतील. 'अबला जीवितम्' साहित्य अकादमीनं काढलं. शेवटी, १९९८ साली, 'द इनसायडर' ही इंग्रजी कादंबरी, तिच्यातलं अफ्रोझाबाद म्हणजे ओळखीचीच भूमी.

पण ह्या सगळ्यांत मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक छोटी तेलुगू कथा, 'गोल्ल रामव्वा'. निजामाच्या शेवटच्या दिवसांतली. रात्री एक तरुण म्हातारीच्या झोपडीत शिरतो. लढ्यातला आहे, मागे पोलीस आहेत. रामव्वा त्याला घरात घेते, आणि पोलीस दारात आल्यावर तो आपल्याच घरचा माणूस आहे असं सांगून वाचवते. बंदुकीसमोर उभी राहून ती खोटं बोलते आणि ते खोटं निभावून नेते. तिला राजकारण कळत नाही, आणि कथा तिच्या तोंडी राजकारण घालतही नाही. मोठ्या माणसांच्या आठवणींत जी बाई एका ओळीत, 'एका म्हातारीनं आसरा दिला', एवढ्यावर संपते, ती इथे पुरी कथा व्यापून राहते.

मामानं ही कथा आईला सांगितली आणि आईनं मला. मी ऐकली ती तिच्या मिश्र बोलीत, मराठी वाक्यात तेलुगू क्रियापदं घालून. तिच्या सांगण्यात रामव्वा आमच्या गल्लीतली वाटायची. वाटणारच. गोल्ला म्हणजे गुरंमेंढरं राखणारा समाज, देगलूर-बिलोलीकडे आहेच. अव्वा ही हाक आमच्याही गल्लीतली. जालन्याकडे धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके लढ्यात उतरल्या, त्यांच्यावर आपण भाषणं करतो. दगडाबाई आणि रामव्वा, एक खरी आणि एक कथेतली, एकाच राज्याच्या दोन टोकांना उभ्या आहेत. दोघींना एका वर्गात बसवून वाचलं तर मुक्तिसंग्राम मुलांना वेगळा दिसेल, असं मला फार वाटतं.

आता मागणी. 'गोल्ल रामव्वा' तेलुगूतून थेट मराठीत आणा. इंग्रजीच्या वळणानं आणू नका. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट ह्या पट्ट्यात दोन्ही भाषा जन्मापासून कानावर असलेली मुलं शेकड्यांनी आहेत, त्यांतली काही आपल्याच विभागांत एम.ए. करतात. त्यांना घरचं तेलुगू लपवावंसं वाटतं. माझ्या मुलीलाही वाटलं. वसतिगृहात तिला 'तेलंगी' म्हणून चिडवायचे, मग ती फोनवर आजीशी तेलुगू बोलायची थांबली. अशा मुलाला ही कथा द्या, सोबत जाणता मार्गदर्शक द्या, आणि त्याचं भाषांतर परिषदेच्या 'प्रतिष्ठान' नियतकालिकात छापा. नांदेडच्या विद्यापीठात तेलुगू लिपीचा दोन-तीन महिन्यांचा साधा वर्ग सुरू झाला तर माझ्यासारखे वयस्कही येतील. जमिनीच्या दाव्यात मुंतखब किंवा सेतवार असं निजामकाळचं जुनं कागदपत्र निघालं की आम्ही वकील उर्दू वाचणारा माणूस शोधत गावोगाव फिरतो. ती लिपी जाणणारी पिढी आपल्या डोळ्यांदेखत संपली. तेलुगूचं तसं होऊ नये.

आणि एम.ए.च्या भाषांतराच्या तासाला 'पण लक्षांत कोण घेतो?' आणि 'अबला जीवितम्' शेजारी शेजारी ठेवा. एक उदाहरण माझ्याच घरचं देतो. तेलुगूत 'अत्त' म्हणजे सासू, आणि वडिलांची बहीण म्हणजे आत्याही अत्तच. आत्याच्या किंवा मामाच्या घरी लग्न लागणाऱ्या समाजात हे सहज आहे. यमूची सासू तिची कुणी लागत नाही. ती परक्या घरी जाते, आणि तो परकेपणा कादंबरीभर सलत राहतो. तेलुगूत 'अत्तगारु' हाक मारली की त्या शब्दात थोडं माहेर आपोआप शिरतं. मग परकेपणा कुठून आणायचा? आणि ही सगळी कादंबरी यमूच्या तोंडची, 'मी' म्हणून सांगितलेली. एका तेलुगू पुरुषानं, वकिलानं, पुढाऱ्यानं, त्या मराठी विधवेचा 'मी' कुठल्या आवाजात लिहिला? माझी आई म्हणायची, "वाचताना बाईच बोलते असं वाटतं." तिच्याहून मोठा परीक्षक मला माहीत नाही, पण तिला का तसं वाटलं ते शास्त्रानं सांगायला आपण आहात.

स्वामीजींनीच हैदराबाद मोडून भाषावार राज्यं व्हावीत म्हणून जिवाचं रान केलं. ते योग्यच होतं. माझ्या वडिलांच्या पिढीला मराठीत शाळा आणि मराठीत न्याय मिळाला तो त्यामुळे. पण ती रेघ आमच्या स्वयंपाकघरातून गेली. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला तिचा भाऊ. दोघं मिळून जी भाषा बोलायचे तिला आता कुठलंच खातं नाही. भाषांतर हे त्या रेघेवरून ये-जा करण्याचं साधन आहे, आणि आपल्या मुक्तिसंग्रामातला एक सैनिक तेच काम करून गेला.

मागे एकदा मी एका संस्थेला ह्याबद्दल लिहिलं होतं. उत्तर आलं की हा विषय तेलुगू विभागाचा आहे. म्हणून ह्या वेळी पत्र उघडं लिहिलं. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, ध्वजवंदनानंतर आपल्याकडे व्याख्यानं होतात. येत्या सप्टेंबरात त्यांतलं एक ह्या विषयावर ठेवावं, आणि वक्ता सीमाभागातला असावा.

आई जाऊन सहा वर्षं झाली. 'अबला जीवितम्' ची तिची प्रत माझ्याकडे आहे. पाठीचा कणा सुटला आहे, शेवटची काही पानं दोऱ्यानं शिवलेली आहेत, आणि जिथे रघुनाथराव यमूला वाचायला शिकवतो तिथे समासात तिनं पेन्सिलनं तेलुगूत माझं नाव लिहून ठेवलं आहे. मला ते वाचता आलं ते ती गेल्यानंतर, तेलुगूची बाराखडी शिकलो तेव्हा. आपल्यापैकी ज्यांना वर्गासाठी प्रत हवी असेल त्यांना मी ती स्वतः आणून देईन, पानापानाचे फोटो काढून होईपर्यंत बसेन आणि परत घेऊन येईन. शनिवारी मला कोर्ट नसतं.

आपला,
देगलूर न्यायालयातील एक वकील